वाणात वाटलेली भीती

माझी मेहुणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तिला हिरवी साडी नेसवून, कपाळभर कुंकू लावून अंगणात ठेवलं होतं, आणि जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सवाष्ण गेली बाई, नशीब काढलं." हे म्हणणाऱ्या बहुतेक जणी तिच्या शेवटच्या महिन्यांत त्या घराकडे फिरकल्या नव्हत्या. ती ज्या खोलीत पडून होती तिथं उदबत्ती लावल्याशिवाय आत पाय टाकवत नसे. माझी बायको तिची थोरली बहीण. दर रविवारी आम्ही शहरातल्या गारखेड्याहून बिडकीनच्या अलीकडच्या त्या वस्तीवर जायचो. मी ओट्यावर साडूजवळ बसायचो आणि बायको आत जाऊन बहिणीचे कपडे बदलायची. परत येताना ती गाडीच्या काचा खाली करून बसायची.

मेहुणीनं आजार वर्षभर लपवला होता. अंगावरून जायचं, पण पाळी जायच्या वयात असं होतंच, हे तिला कुणीतरी सांगितलं आणि तिला ते सोयीचं वाटलं. डॉक्टरकडे गेली तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तिची एकुलती एक मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आमच्याकडे राहायची. आई गेली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि एका शिकवणीत गणित शिकवत होती. आई असतानाच तिचं लग्न ठरलं होतं. वर्षश्राद्धानंतर, मे महिन्यात ते करायचं, असं दोन्ही घरांनी कबूल केलं होतं.

आमच्या कोपऱ्यावर एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी बायकोला सांगितलं, की या कॅन्सरच्या मागं बहुतेक वेळा एक विषाणू असतो, तो शरीरसंबंधातून येतो आणि त्याच्यावर लस आहे. लग्नाआधी घेतली तर ती जास्त उपयोगी. या वयाच्या मुलीला त्या तीन सुया देत असत. पहिलीनंतर दोन महिन्यांनी दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. बायकोनं मला हिशोब करायला लावला. संक्रांतीच्या सुमारास सुरुवात केली तर मेच्या आत दोन सुया बसत होत्या. फार उशीर केला तर एकच.

भाचीला विचारलं तर म्हणाली, "बघू मावशी." पुन्हा विचारलं तरी "बघू"च. नाही म्हणत नव्हती. आईचं सगळं करून ती नुकतीच परतली होती आणि तिला कुठल्याही दवाखान्याच्या पायरीवर चढायचं नव्हतं, इतकंच मला तेव्हा दिसत होतं.

"एकटी जायची नाही ती," बायको म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्या पोरी निघाल्या तर त्यांच्या मागं जाईल."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या वाण म्हणून द्यायच्या ठरल्या होत्या. प्रत्येक वाटीत लसीची एक चिठ्ठी घालायची, डॉक्टरीणबाईंना बोलवायचं आणि पुढच्या रविवारी सगळ्या मुलींना त्यांच्याकडे न्यायचं, असा बायकोचा बेत होता. मजकूर मी लिहायचा.

मी वाळूजच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीवर आहे. दोन पद्धतींपैकी कुठली बरी हे ठरवायचं असेल तर अर्धा माल एका पद्धतीनं आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीनं करून बघायचा, ही माझी सवय. म्हणून मी दोन मजकूर केले. पहिला असा: "ही लस घेतलेली मुलगी या कॅन्सरपासून पुष्कळ अंशी सुरक्षित राहते." दुसरा असा: "ही लस न घेतलेल्या मुलीला या कॅन्सरचा धोका तसाच राहतो." गोष्ट एकच होती, फक्त एकात मिळणारं सांगितलं होतं आणि दुसऱ्यात गमावायचं. निम्म्या वाट्यांत एक चिठ्ठी आणि निम्म्यांत दुसरी घालायची, मग कुठल्या चिठ्ठीच्या मुली जास्त येतात ते मोजायचं.

बायकोनं दोन्ही वाचून टेबलावर ठेवल्या. "तुमच्या 'पुष्कळ अंशी'ला भिऊन कोण उठणारे? असं लिहा, की सडून मराल."

"हे लिहिता येत नाही."

"का? खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पण मी लिहिलं नाही आणि तिनंही ताणून धरलं नाही. त्याचं कारण मला हळदीकुंकवाच्या दिवशी समजलं.

अशा कार्यक्रमाला घरातल्या पुरुषानं बाहेर जायचं असतं. मला ताप होता म्हणून मी आतल्या खोलीत दार लोटून पडलो होतो. बाहेर चाळीसेक बायका होत्या आणि मुलीही बऱ्याच होत्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले, एकीच्या उखाण्यात नवऱ्याच्या टकलाचा उल्लेख आल्यावर मोठा हशा झाला. भाची ताटात वाट्या घेऊन वाण द्यायला उभी होती. मग बायको बोलायला लागली.

तिनं चिठ्ठी वाचलीच नाही. तिनं बहिणीचं सांगितलं. वास कसा यायचा. गादी कशी बदलावी लागायची आणि जुनी गादी कुणी न्यायला तयार नसल्यामुळे शेताच्या बांधावर कशी जाळली. शेवटी शेवटी बहीण तिला म्हणायची, "अक्का, माह्याजवळ बसू नको, तुह्या साडीला वास लागंल." बायकोचा आवाज एकदाही कापला नाही. दार लोटलेलं होतं तरी बाहेर बांगडीही वाजत नाही हे मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "ज्यांना आपल्या पोरीचं असं करायचं नाही त्यांनी रविवारी यावं. ज्यांना करायचंय त्यांनी वाटी घरी न्यावी, त्यात आमटी वाढावी."

एका बाईनं विचारलं, "पन हा होतो तरी कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, विषाणूनं होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो.

"अगं बाई! मंग तिला कुठून आला?"

"नवऱ्याकडून, अजून कुठून."

"न्हाईतर..." कुणीतरी म्हणालं आणि पुढचं वाक्य हळू आवाजात गेलं. दोघी-तिघी हसल्या. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून हसतात तसं.

"तसं नसतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विषाणू तर..."

"डॉक्टर, तुमचा तिळगूळ राहिला," बायको मध्येच म्हणाली. "चला गं, वाण घ्या. दे गं वाट्या."

भाचीनं सगळ्यांना वाट्या दिल्या. एकूण एक बाईला दिली. त्यातल्या काही जणींनी वाटी घेताना तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, हे तिनं मला पुढं सांगितलं. मुलीच्या चेहऱ्यावरून आईबापाचं काही कळतं का, हे बघत असाव्यात.

रविवारी अकरा मुली आल्या. अकरा हा आकडा आमच्या गल्लीच्या मानानं फार मोठा होता. मी दवाखान्याबाहेर उभा राहून एकेकीला घरी आलेल्या वाटीत कुठली चिठ्ठी होती ते विचारलं. एकीलाही आठवत नव्हतं. एक मुलगी म्हणाली, "चिठ्ठी होती का काका?" दुसरी घाबरून मागं सरकत होती तर तिची आई तिला खांद्याला धरून आत ढकलत म्हणाली, "घे गपचूप, नायतर यांच्या भाचीच्या आईवानी सडशील." पायरीवर बसलेल्या बाकीच्या मुली फिसकन हसल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत ते वाक्य रूढ झालं. मुली एकमेकींना चिडवायच्या. कुणी डबा अर्धा टाकला, कुणी आंघोळीला उशीर केला, की "सडशील हां." आमच्या जिन्याखाली उभ्या राहून म्हणायच्या. भाची शिकवणीहून येताना त्यांच्या मधूनच वर यायची.

त्या रविवारी ती आलीच नव्हती. ज्या एकीसाठी हा सगळा घाट घातला होता ती सकाळपासून कपाट आवरत बसली होती.

बायको परत येऊन म्हणाली, "अगं, अकरा आल्या! आणि तू घरात. लोक मला हसतील."

"हसू दे की," भाची म्हणाली. "मागच्या आठवड्यात मला हसलेच ना."

"मी तुझ्यासाठी केलं हे."

"माझ्यासाठी करायचं होतं तर मला ताट धरून उभं करायचं नव्हतं, मावशी."

चार दिवसांनी साडू आला. बातमी त्याच्या वस्तीवर आमच्या गल्लीतल्याच एका माहेरवाशिणीनं पोचवली होती. तो उन्हाळ्यात कांद्याची आणि हिवाळ्यात बोरांची पिशवी घेतल्याशिवाय कधी आला नव्हता. त्या दिवशी हात हलवत आला. चहा समोर ठेवला तर कप बोटानं लांब सारला.

"अक्का," तो बायकोला म्हणाला, "तुमच्या भैनीला मी पाठीवर घिऊन दवाखान्याच्या जिन्यावर चढलो. लिफ बंद व्हती. इचारा पोरीला."

"माहीत आहे मला."

"मंग तुमी बायकायला काय सांगितलं? पारावर बसतो त पोरं इचारत्यात, 'काय पाटील, कुठून आनलं व्हतं?' हासत्यात. माह्या लेकराच्या वयाची पोरं."

"मी तुमचं नाव काढलं नाही."

"माह्यं नाव काढायला लागतंय व्हय? तिला एकच नवरा व्हता."

साडू उठला आणि दारात उभ्या असलेल्या मुलीकडे वळला. त्याचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. "हे बघ बाई. तू ती सुई घेतली त मी समजंन, तुलाबी वाटतं का म्याच तुह्या मायला मारलं. आता घ्यायची का नाय ते तू ठरीव."

एवढं बोलून तो गेला. जाताना त्यानं माझ्याकडेही बघितलं नाही.

भाची लग्नापर्यंत आमच्याकडेच राहायची होती. पण महिनाभरातच तिनं वस्तीवरून जाऊन-येऊन शिकवणी करायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी पुसत होतो तेव्हा ती खाली आली. म्हणाली, "काका, तुम्ही उगाच गोड बोलत नाही म्हणून विचारते. आईला ते कुणाकडून आलं?"

मी तिला मला माहीत होतं तेवढंच सांगितलं. हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो आणि त्यांना कळतही नाही. थोड्यांच्या शरीरात तो टिकतो. तो अंगात किती वर्षं दडून होता हे सांगता येत नाही. त्यावरून कुणाची वागणूक कळत नाही, बापाचीही नाही आणि आईचीही नाही. नेमके आकडे मी तिला दिले नाहीत, कारण ते मी स्वतः तपासलेले नव्हते.

तिनं माझ्या हातातलं फडकं घेऊन गाडीचा आरसा पुसला. "म्हणजे सर्दीसारखं?"

"सर्दीइतकं नाही. पण तसंच सर्रास."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलं कुणी?"

"डॉक्टर सांगत होत्या. मावशीनं मध्येच तोडलं."

"का?"

मला कारण माहीत होतं. हळदीकुंकवाच्या संध्याकाळीच बायकोनं सांगितलं होतं. 'आपोआप जातो' हे एकदा कानावर पडलं की कुठली आई मुलीला घेऊन येईल, म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंना आधीच बजावलं होतं, की तेवढं बोलू नका. मी भाचीला हे जसंच्या तसं सांगितलं.

"मी तेवढ्या एका वाक्यावर आले असते," ती म्हणाली.

"मग आता चल. डॉक्टर असतील."

"आता अप्पांनी स्वतःला घातलंय ना मध्ये. मी घेतली तर ते म्हणणार, पोरीनं पण मलाच दोषी धरलं. त्यांना आधी कुणीतरी मोकळं करा काका. मग मी येते."

मी साडूला फोन केला. त्याला सगळं समजावून सांगितलं, विषाणू किती सर्रास असतो ते, यात त्याचा काही दोष निघत नाही ते. त्यानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, चाळीस बायकायच्या म्होरं माह्यं वाटोळं केलं, आन आता एकल्याच्या कानात सांगता व्हय? जिथं सांगितलं तिथं सांगा. अक्काला सांगू द्या. मंग पोरीला घिऊन मी सोता येतो."

त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. संधीही होती. चैत्राचं हळदीकुंकू आमच्याकडेच होतं, त्याच बायका येणार होत्या आणि त्यानंतरच्या रविवारी मुलींची दुसरी सुई होती. भाचीनं तेव्हा पहिली घेतली असती तरी लग्नाआधी एक बसली असती. मी बायकोला म्हटलं, पन्हं देताना दोन वाक्यं बोल. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा यात काही दोष नव्हता, हा विषाणू कुणालाही होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो.

"नाही बोलणार," ती म्हणाली.

"का?"

"दुसरी सुई व्हायचीय. पहिल्या सुईनंच दोघींना ताप आला, त्यांच्या आया आत्ताच कां-कूं करतायत. आपोआप जातो म्हटलं की मोकळ्या झाल्या त्या. एक राहिली की दुसरी राहणार. अकरापैकी किती येतील मग? तुम्हीच सांगा, हिशोबवाले आहात तुम्ही."

"ते मला सांगता येणार नाही."

"बघा. एकीकडे अकरा आहेत आणि दुसरीकडे एक."

"ती एक तुझ्या बहिणीची मुलगी आहे."

"म्हणून तर," ती म्हणाली. मला याचा अर्थ कळला नाही आणि मी विचारलाही नाही. पण तिचं गणित चूक होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही. त्या अकरा जणी तरीही आल्या असत्या असं मला वाटतं. मात्र वाटण्याला आकड्याची किंमत नसते.

चैत्राच्या हळदीकुंकवाला भाची वस्तीवरून आली. बापाला सांगून आली होती. मी या खेपेला बाहेर जिन्याजवळच्या गॅलरीत बसलो होतो आणि खिडकी उघडी होती. कैरीची डाळ वाटली गेली, पन्हं झालं. भाची भिंतीला टेकून बसली होती आणि मावशी जिथं जाईल तिथं तिची नजर जात होती. मग एका बाईनं आपणहून विचारलं. कशावरून निघालं ते मला ऐकू आलं नाही. "अहो, माझा भाचा डॉक्टरकी शिकतोय, तो म्हणत होता का हा इषाणू समद्यायलाच असतो म्हनं? खरं हाय का?"

एवढं सोपं कुणालाही करून मिळत नाही. बायकोनं फक्त 'हो' म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "दुसरी सुई रविवारी आहे. दहाला. उपाशीपोटी पोरी आणू नका, चक्कर येते."

भाची उठली, पन्ह्याचा पेला मोरीत नेऊन विसळला, उपडा घातला, पर्स घेतली आणि माझ्यासमोरून जिना उतरली. मी तिला थांबवलं नाही.

रविवारी अकराच्या अकरा मुली आल्या. बायको दारात उभी राहून एकेकीला आत घेत होती. ज्या आया कां-कूं करत होत्या त्याही आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की दुसऱ्या सुईला इतकी हजेरी त्यांनी कधी बघितली नाही.

लग्न मेमध्ये वस्तीवरच झालं. साडूनं आम्हाला रीतसर पत्रिका दिली, आहेर दिला, जेवताना पंगतीत येऊन वाढलं, फक्त बायकोच्या पानाजवळ आला की तो पुढं सरकायचा आणि मागचा माणूस तिला वाढायचा. मुलीला आई नव्हती. आईच्या जागी मावशी उभी राहते, अशी आमच्याकडे रीत आहे. साडूनं तिथं आपल्या चुलत वहिनीला उभं केलं.

पाठवणीच्या वेळी भाची आमच्या पाया पडायला आली. बायकोनं तिला उठवून जवळ धरलं आणि कानाशी म्हणाली, "अजून घेता येते गं. लग्नानंतरही घेता येते, फायदा जरा कमी होतो इतकंच. आणि तिशीनंतर तपासणी तरी करत जा. एवढं ऐक माझं."

भाचीनं चेहरा मागं घेतला. डोळे कोरडे होते. "तुमच्या मुलींची दुसरी सुई झाली ना, मावशी?"

"झाली."

"सगळ्यांची?"

"हो."

"मग झालं की," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाच्या पायाशी वाकली.

परत येताना बिडकीनचा रस्ता ट्रकांनी भरला होता. बायकोनं काच खाली केली नाही. मग तिनं विचारलं, "एकूण किती झाल्या हो आपल्या?"

तिला माहीत होतं. तरी मी सांगितलं, "अकरा."

तिनं मान हलवली आणि बाहेर बघत बसली.